बोटीने बेटे, पाण्यातून प्रवाळ : स्नॉर्केलिंगच्या सहलीविषयी वाचकांचे प्रश्न

उष्ण कटिबंधातील समुद्रात एका दिवसात तीन-चार बेटांना बोटीने भेट द्यायची आणि प्रत्येक बेटापाशी मास्क लावून आणि तोंडात श्वासाची नळी (स्नॉर्केल) धरून पाण्यात उतरायचे, अशा सहलींविषयी अनेक वाचकांनी विचारले आहे. काही प्रश्न भीतीपोटी आलेले आहेत, काही कुतूहलापोटी, तर काही मागच्या सहलीत मनासारखे न झाल्यामुळे. जवळपास सर्वच उत्तरे एका गोष्टीपाशी येऊन पोहोचतात आणि ती म्हणजे घाई. या सहलींमध्ये माणसे दगावतात, प्रवाळ मोडतात आणि पाहण्यासारखे बरेच काही नजरेतून सुटते, ते बहुतांशी घाईमुळेच, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट घातल्यावर पोहता येण्याची गरज नसते, असे सहल नेणारे सांगतात. त्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर : अर्धाच ठेवावा. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असते; त्यामुळे छातीत हवा भरून घेतलेला बहुतेक माणसांचा देह त्यात जॅकेटशिवायही तरंगतो, आणि जॅकेट असेल तर बुडण्याची शक्यता पुष्कळच कमी होते. मात्र न पोहणाऱ्याला खरा धोका असतो तो गोंधळून जाण्याचा. नळीत थोडे पाणी शिरते, ठसका लागतो, माणूस मास्क ओढून काढतो, मग नाकातोंडात आणखी पाणी जाते, आणि छातीएवढ्या पाण्यातही पाय टेकवण्याचे भान राहत नाही. म्हणून पोहता येते का, यापेक्षा तोंड पाण्यात असताना आपण शांतपणे तोंडाने श्वास घेऊ शकतो का, हा प्रश्न स्वतःला विचारणे अधिक उपयोगाचे आहे.

याचा सराव सहलीच्या दिवशी भर समुद्रात करायचा नसतो. आधी कुठल्याही शांत, कमरेएवढ्या पाण्यात मास्क लावून उभे राहावे, वाकून चेहरा पाण्यात ठेवावा आणि काही मिनिटे केवळ श्वास घ्यावा आणि सोडावा. चेहरा भिजला आणि नाक बंद झाले की शरीर आपोआप श्वास रोखू पाहते. ही सहजप्रवृत्ती ओसरायला वेळ लागतो आणि तो प्रत्येकाला वेगवेगळा लागतो. त्यानंतर मुद्दाम नळीत थोडे पाणी घ्यावे आणि जोराने फुंकून ते नळीच्या वरच्या टोकातून बाहेर उडवावे. ही एक गोष्ट हाताशी आली की भीतीचा मोठा भाग गळून पडतो.

बोटीवर चढताच आपल्याला पोहता येत नाही हे संकोच न करता सांगावे. जॅकेट अंगावर सैल असेल तर पाण्यात ते वर सरकून हनुवटीशी अडकते, म्हणून सर्व पट्टे आवळून घ्यावेत आणि मांड्यांमधून जाणारा पट्टा असल्यास तोही लावावा. सोबतीचा मार्गदर्शक दोरीला बांधलेले तरंगते कडे ओढत नेणार असेल तर त्याला धरूनच राहावे. शिडी नसलेल्या बोटीवरून, किंवा पाण्यात एकही मार्गदर्शक न उतरणाऱ्या सहलीत, न पोहणाऱ्याने पाण्यात उतरू नये. अशा वेळी कोणी कितीही आग्रह केला तरी नकार द्यावा.

प्रश्न : माझे वय साठच्या पुढे आहे आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे. संपूर्ण चेहरा झाकणारा मास्क घेतल्यास नाकाने श्वास घेता येतो, म्हणून तो अधिक सुरक्षित आहे असे मला सांगण्यात आले. ते बरोबर आहे का? आणि स्नॉर्केलची नळी इतकी आखूड का असते?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात पहिल्याचेही उत्तर आहे.

पाण्यात दर १० मीटर खोलीला वातावरणाएवढा एक दाब वाढतो. म्हणजे केवळ एक मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅमचा जादा भार पडतो आणि एवढा भार ढकलून छाती फुलवणे आपल्या स्नायूंना जवळजवळ अशक्य होते. लांब नळी लावून खोलवर श्वास घेता येईल ही कल्पना याच कारणाने फसते. दुसरे कारण शिळ्या हवेचे आहे. विश्रांतीच्या वेळी आपण एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा घेतो. त्यातील सुमारे १५० मिलिलिटर हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसांच्या कामी येत नाही. नळी लावली की ही निरुपयोगी जागा आणखी वाढते. माणूस घाबरून भराभर आणि उथळ श्वास घेऊ लागला की आधी सोडलेलीच हवा तो पुन्हा ओढतो, रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, त्यामुळे धाप अधिकच लागते आणि भीतीही वाढते. प्रौढांसाठीची नळी साधारण ४० सेंटीमीटरच्या आत ठेवतात ती यासाठीच. संथ, खोल श्वास घ्या असे मार्गदर्शक वारंवार सांगतात, त्यामागेही हेच शरीरशास्त्र आहे.

आता संपूर्ण चेहऱ्याच्या मास्कविषयी. त्याच्या आतील पोकळी मोठी असते. त्यातील झडपा चांगल्या असतील तर ताजी आणि शिळी हवा वेगळी राहते. त्या निकृष्ट असतील किंवा मास्क चेहऱ्याला नीट बसत नसेल तर ती मिसळते. तोंडातील नळी गरज पडल्यास क्षणात थुंकून टाकता येते, हा मास्क मात्र डोक्यामागचे पट्टे सोडवून काढावा लागतो. बहुतेक नमुन्यांत नाक चिमटीत धरून कानातील दाब मोकळा करता येत नाही. म्हणून ज्याला श्वासाचा किंवा हृदयाचा थोडाही त्रास आहे, त्याने मास्क आणि नळी वेगळी असलेला साधा दोन भागांचा संच वापरावा, असे मला वाटते.

आपल्या वयाच्या आणि रक्तदाब असलेल्या वाचकांना आणखी एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. उभे राहून पाण्यात शिरल्यावर पाण्याच्या दाबामुळे पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते आणि हृदयावरचा ताण वाढतो. त्यातच नळीतून हवा ओढण्याचे कष्ट आणि प्रवाहाविरुद्ध पाय मारण्याचे श्रम यांची भर पडली, तर काहींच्या फुप्फुसांत पाणी न गिळताही द्रव साचू लागतो. हवाई बेटांवर स्नॉर्केलिंग करताना होणाऱ्या मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा सर्वच बळी पाणी नाकातोंडात जाऊन बुडालेले नव्हते, हे ठळकपणे पुढे आले. कारण नसताना धाप लागणे, हातपाय एकाएकी गळून जाणे, खोकला येणे, छातीत घरघर होणे ही लक्षणे दिसताच नळी तोंडातून काढावी, पाठीवर उताणे व्हावे, हात हलवून मदत मागावी आणि बोटीवर परतावे. थोडे थांबून बरे वाटेल म्हणून पाण्यातच राहणे घातक ठरू शकते. सहलीपूर्वी डॉक्टरांशी बोलताना ‘पोहायला जाऊ का’ असे न विचारता ‘समुद्रात नळीने श्वास घेत तासभर तरंगू का’ असे नेमके विचारावे.

प्रश्न : मागच्या सहलीत मास्कमध्ये सतत पाणी येत होते आणि काचेवर वाफ धरत होती. मला मिशा आहेत आणि चष्माही आहे. यावर उपाय आहे का?

उत्तर : मास्क विकत घेण्यापूर्वी किंवा बोटीवर हाती पडल्यावर पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने किंचित हवा आत ओढावी. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर माप बरोबर आहे. पट्टा घट्ट आवळल्याने गळती थांबत नाही, उलट सिलिकॉनची कड दुमडते आणि गळती वाढते. कपाळावरचे केस कडेखाली अडकले तरी पाणी येते. मिशांच्या बाबतीत नाकाखालची वरची ओळ थोडी छाटणे किंवा त्या जागी व्हॅसलीनचा पातळ थर देणे उपयोगी पडते. तरीही थोडे पाणी आलेच तर वर पाहत मास्कची वरची कड कपाळाला दाबून नाकाने श्वास सोडावा. पाणी खालच्या कडेने निघून जाते.

नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातून आलेला अदृश्य थर असतो. तो टूथपेस्टने चोळून काढल्याशिवाय वाफ धरणे थांबत नाही. त्यानंतर दर वेळी पाण्यात उतरण्यापूर्वी आतून थुंकी किंवा लहान मुलांच्या शाम्पूचा थेंब चोळून काच हलकेच विसळावी. नाकाने श्वास सोडत राहिल्यास कुठलाही उपाय टिकत नाही.

चष्म्याच्या काड्या मास्कखाली बसत नाहीत. मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातील वस्तू खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि एक चतुर्थांश जवळ दिसतात, त्यामुळे लांबचे किंचित कमी दिसणाऱ्यांचे चष्म्यावाचूनही निभते. नंबर जास्त असेल तर नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात आणि तेच उत्तम. कॉन्टॅक्ट लेन्स वापरायच्याच असतील तर एकाच दिवसाच्या वापराच्या असाव्यात आणि पाण्यातून आल्यावर टाकून द्याव्यात, कारण पाण्यातील सूक्ष्मजीव लेन्सखाली अडकून डोळ्याला गंभीर इजा करू शकतात.

प्रश्न : चार बेटांची सहल घ्यावी की दोन बेटांची? महिन्यातील कोणते दिवस आणि दिवसातील कोणती वेळ चांगली?

उत्तर : दोन बेटांची. चार बेटांच्या सहलीत प्रत्येक थांब्यावर पाण्यात मिळणारा वेळ अर्धा-पाऊण तासाचा असतो. त्यातील पहिला काही वेळ मास्क जुळवण्यात आणि श्वास संथ होण्यात जातो. मासे सुरुवातीला दूर पळतात आणि माणूस स्थिर तरंगत राहिला तरच परत येतात. म्हणजे पाहण्याची वेळ येते तेव्हा शिट्टी वाजते. एकाच खडकावर सव्वा तास घालवणाऱ्याला लहान माशांचे मोठ्या माशाच्या कल्ल्यांत शिरून त्यांची स्वच्छता करणे, कवचातील खेकड्याचे बाहेर येणे, फुलासारख्या भासणाऱ्या सी अ‍ॅनिमोन या प्राण्यात जोकरमाशाचे लपणे आणि पुन्हा बाहेर येणे, असे कितीतरी दिसते, जे घाईने पोहत जाणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

वेळेचे गणित वाऱ्यावर आणि भरती-ओहोटीवर अवलंबून असते. उष्ण कटिबंधात दिवस चढला की जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारनंतर लाटा वाढतात. म्हणून जाणता कप्तान उघड्या समुद्रातील, दूरचे बेट सकाळी आधी गाठतो आणि आडोशाचा थांबा दुपारसाठी राखून ठेवतो. बेटाची वाऱ्याकडील बाजू खवळलेली असताना पलीकडची बाजू आरशासारखी शांत असू शकते. कार्यक्रमपत्रिकेत छापलेला क्रम कप्तानाने बदलला तर तक्रार करू नये. बहुधा तो आपले भले करत असतो.

बहुतेक किनाऱ्यांवर भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात, आणि त्यातील मधल्या दोन तासांत जवळजवळ निम्मे पाणी हलते. त्या वेळी बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांत ओढ सर्वाधिक असते. पूर्ण भरतीच्या आसपास पाणी काही काळ थबकते. बाहेरचे स्वच्छ पाणी प्रवाळांवर आलेले असते आणि पोट खडकाला न घासण्याइतकी खोली मिळते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. उधाणात पाण्याचा चढउतार मोठा आणि ओढ जोरदार, भांगात दोन्ही सौम्य. नवख्याने तारीख निवडता आली तर अष्टमीचा सुमार निवडावा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे एका आठवड्यापूर्वी कोणाला सकाळी दहाला सुंदर पाणी मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल असे नाही.

ओढ असलेल्या जागी उतरल्यास प्रथम प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने जावे, म्हणजे थकल्यावर परतीची वाट सोपी होते. बोट आपल्यामागून वाहत येणार असेल तर गोष्ट वेगळी.

आणि सूर्य डोक्यावर असताना पाण्याखालचे रंग खुलतात, हेही लक्षात घ्यावे. पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेते. खोल उतरणाऱ्या डायव्हरला दिव्यावाचून सारे निळसर दिसते, तर दोन मीटर पाण्यावर तरंगणाऱ्याला लाल, केशरी, जांभळे रंग नैसर्गिक उजेडातच दिसतात. त्यामुळे श्वास रोखून खोल बुड्या मारण्यात नवख्याने शक्ती घालवू नये. बुडी मारायचीच असेल तर त्यापूर्वी भराभर श्वास घेऊन छाती ‘भरून’ घेऊ नये. श्वास घेण्याची ऊर्मी प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने येते. भराभर श्वासांनी तो आधीच घटवला तर ऊर्मी येण्याआधी शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात शुद्ध हरपलेल्याला वाचवायला हाताशी फार थोडा वेळ असतो. बुडी मारताना पहिल्या मीटर-दोन मीटरांतच कानाला दडे बसू लागतात; दुखू लागण्यापूर्वीच नाक चिमटीत धरून हळूच फुंकावे, आणि सर्दी असेल त्या दिवशी बुडी मारूच नये.

प्रश्न : मला बोट लागते. गोळी घेतली तर पाण्यात झोप येईल का?

उत्तर : येऊ शकते. बोट लागण्यावरच्या बहुतेक गोळ्यांनी थोडीफार सुस्ती येते, म्हणून ती गोळी प्रवासाच्या आधी एखाद्या दिवशी घरी घेऊन पाहावी आणि इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारावे. गोळी बोट निघण्याच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची असते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात टिकत नाही. आतल्या कानाला हालचाल जाणवत असते आणि डोळ्यांना मात्र समोरचा बाक स्थिर दिसत असतो, या विसंगतीतून मळमळ होते. म्हणून मोबाइलमध्ये पाहू नये, बोटीच्या मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, पण इंजिनाचा धूर येणार नाही अशा जागी बसावे आणि क्षितिजाकडे पाहत राहावे. उपाशीपोटी जाणेही बरे नव्हे. हलके, कोरडे खाणे चांगले. नांगरलेली बोट चालत्या बोटीपेक्षा अधिक डोलते, त्यामुळे थांब्यावर पाण्यात उतरल्याने काहींना लगेच आराम पडतो.

प्रश्न : प्रवाळाला नुसता हात लावल्याने काय बिघडते? तो तर दगडासारखा कठीण असतो. शिवाय आम्ही पाहिलेले बरेच प्रवाळ पांढरेशुभ्र होते. ते मेलेले होते का?

उत्तर : दगडासारखा भाग हा प्रवाळाचा सांगाडा असतो. त्याच्या पृष्ठभागावर काही मिलिमीटरच्या, परस्परांना जोडलेल्या असंख्य प्राण्यांची जिवंत त्वचा पसरलेली असते. हाताचे बोट टेकल्याने किंवा फिनचा (पायात घालायच्या रबरी पंखाचा) फटका बसल्याने ती फाटते आणि त्या जखमेत शेवाळ व जंतू शिरतात. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर ते सेंटीमीटरभर वाढतात. आपल्या कमरेएवढा उंच घुमट आपल्या पणजोबांच्याही आधीचा असू शकतो. फांद्यांसारखे प्रवाळ जलद वाढतात, पण तितक्याच सहज मोडतात. उथळ जागी उभे राहून मास्क नीट करणारा माणूस एका मिनिटात जे मोडतो ते भरून यायला वर्षे लागतात. फिन्सनी उडवलेली वाळूदेखील प्रवाळांवर बसून त्यांचा उजेड अडवते. मास्क नीट करायचा असेल तर पाठीवर उताणे होऊन करावा.

पांढऱ्या प्रवाळांविषयी आपण विचारले हे फार चांगले झाले. प्रवाळाच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहते. ते सूर्यप्रकाशावर अन्न बनवते आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळाला देते, त्याचा रंगही बराचसा त्यामुळेच असतो. समुद्राचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यातील कमाल पातळीपेक्षा केवळ एक अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पारदर्शक त्वचेखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. त्या अवस्थेत तो मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झाले तर शैवाल परत येऊन तो सावरू शकतो. नाही तर मरतो आणि मग त्याच्यावर तपकिरी-हिरवे शेवाळ चढते. आपण पाहिलेले प्रवाळ शुभ्र आणि स्वच्छ असतील तर ते बहुधा जगण्या-मरण्याच्या सीमेवर होते. जगभर पसरलेले असे विरंजन १९९८, २०१० आणि २०१४ ते २०१७ या काळात झाले आणि चौथ्याची घोषणा एप्रिल २०२४ मध्ये झाली. समुद्रतळाचा एक टक्काही भाग न व्यापणाऱ्या प्रवाळखडकांवर सागरी जीवजातींपैकी सुमारे एक चतुर्थांश जाती अवलंबून आहेत, हे ध्यानात घेतले की या घटनेचे गांभीर्य कळते.

याच संदर्भात एका वाचक भगिनींनी सनस्क्रीनविषयी विचारले आहे. पलाऊ या देशाने १ जानेवारी २०२० पासून आणि हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून प्रवाळांना घातक मानलेली काही रसायने असलेल्या सनस्क्रीनवर निर्बंध घातले. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट ही त्यांतील दोन प्रमुख रसायने. तापमानवाढीच्या तुलनेत या रसायनांचा वाटा लहान आहे, तरीही रोज शेकडो माणसे उतरणाऱ्या छोट्या खाडीत तो टाळणे आपल्या हातात असते. यावर मला सर्वांत पटणारा उपाय म्हणजे लांब बाह्यांचा, अंगाला घट्ट बसणारा पोहण्याचा सदरा आणि गुडघ्याखालपर्यंतची विजार. पाण्यावर पालथे तरंगताना पाठ, मान आणि गुडघ्यांची मागची बाजू उन्हात भाजून निघते आणि पाणी गार लागत असल्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळतही नाही. उघड्या राहणाऱ्या जागी झिंक ऑक्साइडचे मलम पाण्यात उतरण्याच्या बरेच आधी लावावे.

बोट कुठे आणि कशी थांबते, याकडेही सहल ठरवताना लक्ष द्यावे. नांगर आणि त्याची साखळी एका फेरीत जेवढे प्रवाळ चिरडते तेवढे शंभर पोहणारे चिरडत नाहीत. तळाशी कायम रोवलेल्या आणि बोयाला (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेला) जोडलेल्या दोरीला बोट बांधण्याची पद्धत अमेरिकेतील फ्लोरिडा कीज या बेटांवर १९८१ पासून रुजली आणि पुढे जगभर पसरली. अशा बोयाला बोट बांधणाऱ्या किंवा निव्वळ वाळूवर नांगर टाकणाऱ्या चालकाची सहल निवडावी. माशांना पाव खायला घालणाऱ्याची टाळावी. त्याने गर्दी जमते खरी, पण शेवाळ कुरतडून प्रवाळ मोकळे ठेवणारे मासे आपले काम सोडून बोटीमागे फिरू लागतात.

प्रश्न : पाण्यातील कोणत्या प्राण्यांची खरोखर भीती बाळगावी? शार्क दिसला तर?

उत्तर : उथळ प्रवाळांवर दिसणारे लहान शार्क माणसाला टाळतात, दिसलाच तर हातपाय न आपटता त्याच्याकडे तोंड करून पाहत राहावे. इजा होते ती बहुधा आपण स्पर्श केल्याने किंवा पाय ठेवल्याने. दगडासारखा दिसणारा स्टोनफिश, वाळूत पुरून बसलेला पाकट, लांब काट्यांचा सी अर्चिन, शंकूच्या आकाराचा सुंदर शंख, यांपैकी कोणीही पाठलाग करत नाही. शंकूसारखा जिवंत शंख उचलणे मात्र जिवावर बेतू शकते, म्हणून शंख-शिंपले कितीही मोहक असले तरी हात लावू नये. उथळ पाण्यात चालावेच लागले तर जाड तळव्याचे बूट घालून पाय वाळूत सरकवत चालावे.

अपवाद आहे तो मोठ्या ट्रिगरफिशचा. अंडी घातलेल्या घरट्याचे तो आवेशाने रक्षण करतो आणि वर उभट शंकूसारखा पसरत गेलेला पाण्याचा भाग तो आपला मानतो. तो अंगावर आला तर वर येण्याचा प्रयत्न न करता आडव्या दिशेने दूर पोहत जावे.

स्टोनफिश किंवा पाकटाचा काटा लागल्यास तो भाग सोसेल इतक्या, सुमारे ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना बरीच कमी होते. तरीही रुग्णालय गाठावेच. जेलीफिशचा दंश चोळू नये आणि गोड्या पाण्याने धुऊ नये, कारण त्याने त्वचेवर राहिलेल्या दंशपेशी फुटू शकतात. प्रवाळाचे ओरखडे किरकोळ वाटले तरी साबण आणि स्वच्छ पाण्याने नीट धुवावेत, ते चिघळतात.

प्रश्न : बोट आपल्याला विसरून निघून गेली असे होते का? आठ वर्षांच्या मुलीला सोबत न्यायचे आहे, म्हणून विचारते.

उत्तर : झालेले आहे. जानेवारी १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर डायव्हिंगसाठी गेलेले एक दांपत्य बोटीने मोजणी नीट न केल्यामुळे समुद्रातच मागे राहिले आणि ते पुन्हा सापडले नाही. त्यानंतर तिथल्या क्वीन्सलँड राज्यात माणसे मोजण्याचे नियम कडक करण्यात आले. म्हणून बोट सुटताना आणि प्रत्येक थांब्यानंतर मोजणी होते का, ती नुसती डोकी मोजून होते की नावे पुकारून होते, हे आपण पाहावे आणि होत नसेल तर स्पष्ट विचारावे. बोट हलण्यापूर्वी शेजारी बसणारा माणूस आला आहे की नाही याची खात्री प्रवाशांनीही करायला हरकत नाही.

इंजिनाचा पंखा हा दुसरा धोका. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने, सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो; त्यामुळे दोन कानांपर्यंत तो जवळजवळ एकाच वेळी पोहोचतो आणि बोट कुठून येते आहे हे पाण्यात ऐकून कळत नाही. थोड्या थोड्या वेळाने डोके वर काढून चहूकडे पाहावे, भडक रंगाची टोपी किंवा सदरा घालावा आणि इंजिन बंद झाल्याची खूण मिळेपर्यंत शिडीजवळ जाऊ नये. सर्व ठीक असल्याची खूण म्हणजे हात वर वळवून बोटांची टोके डोक्यावर टेकवणे; हात हलवणे म्हणजे मदत मागणे, म्हणून बोटीवरच्या नातेवाइकांना गंमत म्हणून पाण्यातून हात हलवू नये.

मुलीसाठी मुलांच्याच मापाचा मास्क आणि अरुंद, आखूड नळी हवी; मोठ्यांच्या नळीत तिच्या लहान श्वासाची बरीचशी हवा वाया जाते. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते आणि लहान देह लवकर गारठतो, त्यामुळे कोमट वाटणाऱ्या समुद्रातही तिला वीस मिनिटांनी बाहेर काढून कोरडे करावे, पाणी पाजावे, आणि पुन्हा जायचे की नाही हे तिलाच ठरवू द्यावे. पाण्यात असताना एका प्रौढाने केवळ तिच्याकडे पाहावे, माशांकडे नव्हे. ही जबाबदारी आळीपाळीने घेतल्यास घरातील सर्वांना प्रवाळ पाहायला मिळतात.

प्रश्न : स्नॉर्केलिंगनंतर त्याच संध्याकाळी विमानाने परतायचे आहे. चालेल का?

उत्तर : चालेल. विमानापूर्वी थांबण्याचा नियम टाकीतील दाबयुक्त हवा घेऊन खोल जाणाऱ्यांसाठी आहे, कारण त्यांच्या शरीरात नायट्रोजन विरघळून साचतो. एकाच साध्या डायव्हनंतर त्यांना किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर किमान १८ तास थांबायला सांगितले जाते. पृष्ठभागावर तरंगून साधी हवा घेणाऱ्याला तो लागू होत नाही. मात्र सहलीत ‘नवख्यांसाठी छोटी डायव्ह’ म्हणून टाकी लावून थोडेसे जरी खाली नेले असेल, तर तो नियम आपल्यालाही लागू होतो आणि विमान दुसऱ्या दिवसाचे घ्यावे.